स्वप्नं कोणाची खरी होतात?

मागे एकदा विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन मी खोडदला गेले होते. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ हे गाव आहे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. बायका माना वर करून बघत राहिल्या. एका मावशींनी विचारलं, "ही तर नुसती जाळी आहे. आकाशातून येतं ते गळून नाही जात?"

माहिती देणाऱ्या मुलाने नीट समजावलं. इथे पकडायच्या लहरी जाळीच्या भोकांपेक्षा खूप लांब असतात, त्यामुळे त्यांना जाळी म्हणजे भिंतच. वारा मात्र आरपार जातो. म्हणून तबकडी हलकी झाली, लोखंड वाचलं, पैसा वाचला. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती. मावशी म्हणाल्या, "म्हणजे वाऱ्याला वाट करून दिली." परतीच्या गाडीत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, एवढी अक्कल आमच्या चुलीच्या धुराला वाट करून द्यायला का नाही लावली कुणी?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देते आहे.

विज्ञानकथांचं कौतुक करताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: आज लेखकाच्या कल्पनेत असतं ते उद्या प्रत्यक्षात येतं. याचा पुरावा आमच्याच भागात आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात कल्पना मांडली की, जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतील असे उपग्रह वर सोडले तर साऱ्या जगाला संदेश पोचवता येतील. पुढे अवघ्या सव्वीस वर्षांत, १९७१ साली, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणं होऊ लागलं. १९७५ साली उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा इस्रोने क्लार्क यांच्या कोलंबोच्या घरी खास अँटेना बसवून दिली. स्वप्न पाहणाऱ्याचा असा मान राखला गेला. चांगलंच झालं.

पण त्याच्या चाळीस वर्षं आधी एका बाईनेही स्वप्न लिहिलं होतं. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. त्या कथेतल्या देशात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, स्वयंपाकघरात धूर नाही. बायकांच्या एका विद्यापीठाने नळ्या लावलेला फुगा आकाशात सोडून हवेतलं पाणी खाली आणलं आहे. शेती विजेवर चालते. आणि पुरुष घरात, पडद्यात आहेत! सुलताना म्हटलं की वाचकांना हा शेवटचा विनोद आठवतो. चुलीचा आणि पाण्याचा भाग कुणी आठवत नाही.

आता हिशोब मांडा. क्लार्क यांचा उपग्रह सव्वीस वर्षांत आला. रुकैयाबाईंचं स्वयंपाकघर एकशे वीस वर्षं उलटली तरी आमच्या पाड्यावर आलेलं नाही. उपग्रह सोडण्यापेक्षा धूर बाहेर काढणं अवघड होतं का?

पाण्याचंही तेच. भीमाशंकरच्या या डोंगरांत पाऊस कोसळतो. घोड नदीवर डिंभे धरण बांधलं. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगावच त्यात बुडालं. पाणी कालव्यांनी पूर्वेला जातं आणि धरणाच्या वरच्या पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मे महिन्यांत झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. २००३ आणि २०१५ साली राज्य सरकारने आकाशात विमानं पाठवून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. ढगापर्यंत पोचता येतं. पाड्यापर्यंत पाइप का पोचत नाही?

कुणी म्हणेल, सौरचुली वाटल्या होत्या की. हो, एका योजनेत मीही वाटल्या आहेत. त्या पेटीत भात शिजतो, पण भाकरी भाजता येत नाही. ऊन असतं तेव्हा बाई रानात असते आणि ती घरी येते तेव्हा ऊन गेलेलं असतं. वर्षभराने गेले तर एका घरी पेटीत कांद्याचं बी ठेवलेलं आणि दुसऱ्या घरी कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी अहवालात लिहिलं, 'महिलांमध्ये जागृतीचा अभाव'. त्या वाक्याची मला आज लाज वाटते. जागृतीचा अभाव आमच्यात होता. जिला भाकरी भाजायची आहे तिला एकदाही न विचारता आम्ही चूल ठरवली होती.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला. पहिली टाकी आली, पण पुढची भरायला रोख पैसे लागतात आणि लाकूडफाटा 'फुकट' मिळतो. फुकट, कारण तो आणणाऱ्या बाईचे तास कुणी मोजत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज सांगतो की घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला ३२ लाख माणसं मरतात.

दुर्बीण बंद करा असं मी म्हणत नाही. खोडदला बायकांचे डोळे चमकलेले मी पाहिले आहेत. आकाश त्यांचंही आहे. माझं भांडण विज्ञानाशी नाही, विज्ञानाला काम नेमून देणाऱ्यांशी आहे. खोडदला लोखंड महाग आहे म्हणून जाळीची युक्ती सुचली. बाईचा वेळ महाग आहे असं ज्या दिवशी मानलं जाईल, त्या दिवशी चुलीलाही युक्ती सुचेल.

रुकैयाबाईंना हे ठाऊक होतं. त्यांच्या कथेत आधी यंत्रं येत नाहीत. आधी राणी मुलींच्या शिक्षणाचा हुकूम काढते, मग विद्यापीठं होतात, शोध त्यानंतर लागतात. आपण हा क्रम उलटा केला. बाईला यंत्र दिलं, निर्णय दिला नाही.

म्हणून मैत्रिणींनो, नळाची योजना आखताना टाकी कुठे आणि नळ कुठे, हे ग्रामसभेत बायका ठरवतील असा आग्रह धरा. पेसा कायद्याने आदिवासी गावांच्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, ते वापरा. चूल वाटायला कुणी आलं तर आधी त्याला तिच्यावर भाकरी भाजून दाखवायला सांगा. आणि अहवालात 'जागृतीचा अभाव' दिसला तर तो लिहिणाऱ्याला जाब विचारा. मलासुद्धा.