एकेक करून नका आणू

या आठवड्यात मत्स्यालयाच्या दुकानात एक गृहस्थ कोरीडोरास मासे, म्हणजे कोरी, घेत होते: एक ब्राँझ, एक पांडा, एक स्टेर्बाय, एक पिग्मी. घरी व्हरायटी हवी म्हणे! मला हे बघवत नाही. आपल्या मांगूर-शिंगाळ्याचे हे दक्षिण अमेरिकेतले चिमुकले भाऊबंद कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार जाती एका टाकीत भांडत नाहीत, हे खरंच. पण भांडण नाही म्हणजे सोबत मिळाली असं होत नाही. कोरी थव्याने जगतो, आणि थवा मुख्यतः आपल्याच जातीचा. सहा पांडा एकत्र सोडून बघा: डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतात, चाळलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतात, मध्येच एखादा सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतो. ती हवा ते आतड्यातून श्वासासाठी वापरतात! एकटा पांडा मात्र कोपरा धरून बसतो. शिवाय पांडाला पाणी जरा थंड लागतं, स्टेर्बायला २८ अंशही चालतात. आपल्या उन्हाळ्यात दोघांचं एकत्र कसं जमायचं? आणि कोरी म्हणजे 'तळ साफ करणारा मासा' ही तर निव्वळ थाप. वरच्या माशांचं उष्टं त्याला पुरत नाही, बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या घालाव्याच लागतात. दोन जाती हव्याच असतील तर मोठी टाकी घ्या आणि दोन्हींचे सहा-सहा आणा. टाकी लहान असेल तर एकच जात पुरे, आणि तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू घाला. मिशा शाबूत राहतील.