माती येते कुठून?

गेल्या पावसाळ्यात सौभाग्यवतींनी बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी लाल माती आणायला सांगितली. रोपवाटिकेतून गोणी रिक्षात चढवताना मी सहज विचारले, "ही येते कुठून हो?" "डोंगराची आहे, काका. ट्रकनं येते," विक्रेता म्हणाला.

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. बँकेत असताना रोपवाटिकांची कर्जप्रकरणे मी मंजूर केली आहेत. विहीर, पिशव्या, मजुरी, सारे बारकाईने तपासले. माती मात्र 'स्थानिक उपलब्ध' या दोन शब्दांत उरकली. कुणा डोंगराचे ते मुद्दल होते. आम्ही ते हिशेबातच धरले नाही.

युरोपात हीच चूक 'पीट'च्या बाबतीत झाली. दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो. जगाच्या अवघ्या ३ टक्के जमिनीवरच्या या दलदली साऱ्या जंगलांहून अधिक कार्बन सांभाळून आहेत. तो थर उपसून कुंड्यांत भरला, की कार्बन हवेत जातो. ब्रिटिश सरकारने २०२२ साली घरगुती बागांसाठी पीटची विक्री २०२४ पर्यंत थांबविण्याचे जाहीर केले. कायदा मात्र त्या मुदतीत झाला नाही.

तिकडे पर्याय म्हणून आपल्याकडचे कोकोपीट जाते. काथ्या काढल्यावर उरणारा हा सोडणाचा भुसा पाणी छान धरतो. पण त्यात क्षार असतात. ते गोड्या पाण्याने धुवावे लागतात. ते खारे पाणी शेजारच्या विहिरीत उतरले, तर पुण्य कसले? शिवाय रोपाला लागणारे अन्न त्यात नसल्यासारखेच. त्याला कंपोस्टची जोड हवीच.

आणि कंपोस्ट तर आपल्या दारात आहे. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर पालापाचोळ्यातून माती घडवायला शिकवीत. आपण तोच पाला झाडून पेटवतो आणि डोंगराची माती विकत आणतो!

डोंगराची माती स्वस्त पडते, असे रोपवाटिकावाले म्हणतात. त्यांचे खोटे नाही. डोंगर पावती फाडत नाही, एवढेच. म्हणून वृक्षारोपणासाठी रोपे घेणाऱ्या पालिकांनी आणि कर्ज देणाऱ्या बँकांनी अर्जात एक रकाना वाढवावा: माती कुठली? एक डोंगर बोडका करून दुसऱ्यावर झाडे लावण्यात कसला आला पर्यावरणदिन!

आमच्या गच्चीवर आता पाल्याचे पिंप आहे. वासाची तक्रार एकदा आली. वर कोरडा पाला घातला, ती मिटली. यंदा सौभाग्यवतींनी माती मागितली, तेव्हा मी रिक्षा बोलावली नाही. जिना चढून वर गेलो.