सोडचिठ्ठीच्या कागदावर सही करण्याआधी

घरात पहिली पदवी आली की तिच्याबरोबर एक बिनपगारी नोकरीही येते. सगळ्या नात्यागोत्याचे कागद आपल्याकडे वाचायला येऊ लागतात. रेशनकार्ड, बँकेची नोटीस, जातपडताळणीचा अर्ज आणि कधीतरी, पदराखाली धरून संकोचत आणलेला शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर. त्यावर लिहिलेलं असतं की दोघांचं पटत नाही, पंचांसमक्ष काडीमोड झाला आहे, पोटगीबाबत बाईची काही तक्रार राहिलेली नाही. खाली नोटरीचा शिक्का, पाच-सहा पुरुषांच्या सह्या आणि एक अंगठा.

हा कागद बहुतेक वेळा घटस्फोट नसतो. हे त्या बाईला स्पष्ट सांगणं मी आपलं काम समजते.

हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे. त्याच्या कलम 29(2) ने रूढीनुसार होणारा काडीमोड शाबूत ठेवला, हे खरं. पण आपल्या समाजात अशी रूढी जुन्या काळापासून अखंड चालत आली आहे, हे न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्यानं ते होत नाही. बौद्धांनाही हाच कायदा लागू आहे. अनेकांना याचा राग येतो आणि तो राग मला समजतो. पण त्या रागापायी कोर्टाऐवजी पंचांकडे जाणं मला समजत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरानं सोडचिठ्ठीसाठी जुन्या जातीची रूढी शोधत बसावं, हा काय प्रकार आहे? अनुसूचित जमातींची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय त्यांना हा कायदा लागूच होत नाही, तिथे रूढी हाच कायदा असतो.

यावर एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं: आपल्याकडे बाई पूर्वीपासून मोकळी होती, नवरा सोडून दुसरं घर करू शकत होती, कोर्ट ही वरच्या जातींची गरज. यातला अर्धा भाग खरा आहे. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनीच सभागृहाला सुनावलं होतं की शूद्र म्हणवल्या गेलेल्या बहुसंख्य समाजात घटस्फोट आधीपासून आहे. पण तेवढं सांगून ते थांबले नाहीत. बाईचा हक्क कायद्यात लिहिला जावा म्हणून झगडले आणि 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत ते रखडलेलं बिलही होतं. आजच्या बैठकीत बाईच्या बाजूनं किती बाया बसलेल्या असतात, ते मोजा.

आणि फायदा कोणाचा होतो तेही पाहा. आपल्यातला मुलगा रेल्वेत, बँकेत लागतो. गावाकडची, त्याच्या शिक्षणाच्या काळात मजुरी केलेली बायको त्याला आता शोभत नाही. मग बैठक, मग स्टॅम्पपेपर, मग शहरात दुसरं लग्न. पहिला विवाह कायद्यानं संपलेलाच नसेल तर दुसरा अवैध ठरतो आणि फसते ती दुसरी बाईही. चळवळीच्या व्यासपीठावर याबद्दल कोणी बोलत नाही, कारण व्यासपीठावर बसलेल्यांपैकी काहींनी हेच केलेलं असतं.

"कोर्ट परवडत नाही" ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावरचा इलाज आपल्याच लोकांना सर्वात कमी माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लागता. दलित पुरुषालाही. कोर्ट फी, अर्ज लिहिणं, वकिलाची फी हे सगळं त्यात आलं. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, देशभरासाठी 15100 हा फोन आहे. नेमून दिलेला वकील "चहापाण्याचं" मागू लागला तर तो नियम मोडतो आहे. त्याची लेखी तक्रार करा, वकील बदलून मागा. आपण मोफत दवाखान्यात हात जोडून उभे राहतो तसं इथे उभं राहायचं कारण नाही.

नवरा सुरतला किंवा हैदराबादला आणि बाई माहेरी नांदेडला, असंही असतं. हिंदू विवाह कायद्याखाली पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. पोटगीसाठी घटस्फोटाची वाट पाहावी लागत नाही. जुनं कलम 125 आता नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं आहे. ते आणि 2005 चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या, आदिवासी बायकांनाही चालतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की दोघांनीही मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज लवकर करावा. "पोटगी सोडली" असं लिहून दिलेलं असलं तरी हक्क संपला असं धरून बसू नये. असे करार न्यायालयांनी बाजूला ठेवलेले आहेत. दोघांनाही खरंच वेगळं व्हायचं असेल तर संमतीचा सरळ रस्ता आहे: वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, मग संयुक्त अर्ज, मग सहा महिने. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं 2017 चा निकाल सांगतो.

आंतरजातीय लग्न मोडतं तेव्हा आणखी एक प्रश्न असतो, जो वकिलाच्याही लक्षात येत नाही: मुलाची जात. आई दलित, बाप सवर्ण, मूल आईजवळ वाढणार. तहसीलमध्ये बापाची जात विचारून दाखला नाकारतात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलाची जात बापाचीच हे गृहीतक खोडून काढता येतं. मूल दलित किंवा आदिवासी आईनं वाढवलं, त्या समाजात वाढलं, त्यानं तेच भोगलं, हे दाखवता येतं. दाखवायला कागद लागतात. म्हणून घटस्फोटाच्या अर्जातच मूल कोणाकडे, कोणत्या वस्तीत वाढतं आहे ते लिहून घ्यावं, ताब्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी, शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून आईचं नाव घालावं. दाखल्याची गरज दहावीनंतर लागेल. तोवर बाप कुठे असेल आणि सही द्यायला येईल का, ते कोणी सांगावं.