कान न पाहता दिलेले औषध

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळे येथे ग्रामीण रुग्णालय आहे. भोवतालच्या ठाकूर-कातकरी वाड्यांना सरकारी उपचाराचा जवळचा आधार तोच. या वाड्यांतून मुलाचा कान वाहणे हे नाक वाहण्याइतकेच किरकोळ समजले जाते. कोमट तेल घातले, कापसाचा बोळा कोंबला, की झाले! याचे खापर आदिवासी मातेच्या अज्ञानावर फोडून मोकळे होणारे सुशिक्षित काही थोडे नाहीत. परंतु दवाखान्याची पायरी चढल्यावरही कानात न डोकावता थेंबांची बाटली हाती ठेवली जात असेल, तर अज्ञानी कोणाला म्हणावे?

कान पाहण्याचा ऑटोस्कोप हे बॅटरीवर चालणारे, खिशात मावणारे साधन. मोठ्या माणसाची पाळी वर व मागे, तान्ह्याची खाली व मागे ओढली की कानाची वाकडी नळी सरळ होते. पू असेल तर आधी कापसाने टिपावा लागतो. एरवी दिसणार काय? निरोगी पडदा मोतिया करड्या रंगाचा, त्याच्या खालच्या अंगाला प्रकाशाची तिरीप. पडद्याच्या मध्यभागी भोक असेल तर ऐकणे मंदावते. पण वरच्या टोकाशी पांढरट पापुद्रे साचले असतील, तर तो रोग हाड कुरतडीत मेंदूपर्यंत पोचू शकतो. बाहेरून मात्र दोन्ही कान सारखेच वाहतात! शिवाय फाटक्या पडद्यातून जेंटामायसिनसारखे थेंब आत गेले, तर उरलेसुरले ऐकणेही जाण्याचा धोका. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

बालकांच्या तपासणीसाठी 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीत मध्यकर्णाच्या दाहाचे नाव आहे. कागद चोख आहेत! पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर जाते ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतते. शाळेत तपासणीचे पथक येते तेव्हा मूल भट्टीच्या धुरात असते, आणि धूर हे कान बिघडण्याचे एक कारणच होय. पुढे ऐकू न येणारे ते मूल वर्गात मठ्ठ ठरते, शाळा सुटते, आणि भट्टीमालकाला आणखी एक स्वस्त मजूर मिळतो.

कानाचा तज्ज्ञ येईल तेव्हा येवो. तोवर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवा पेटणारा ऑटोस्कोप असला पाहिजे, केसपेपरवर दोन्ही पडद्यांची नोंद झाली पाहिजे, आणि तपासणीचे पथक हंगामात भट्टीवर गेले पाहिजे.