टायपिंग आणि एक्सेल पुरे, हे कोणी ठरवलं?



"आपल्या पोरांना टायपिंग आणि एक्सेल पुरे. ते युनिक्स-बिनिक्स इंजिनियरांचं काम." हे वाक्य कुणा प्रस्थापिताचं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण विहारात संगणक वर्ग चालवणारे आपलेच कार्यकर्ते हे बोलतात, म्हणून भांडावं लागतं.

पुरे, म्हणजे कशाला पुरे? दुसऱ्याने मांडलेलं बटण दाबायला. यंत्राला हुकूम देणारे वेगळे आणि डेटा एन्ट्री करणारे वेगळे, ही उतरंड आपणच पोरांच्या माथी मारायची? 2017 पासून जगातले सर्वांत ताकदवान 500 महासंगणक युनिक्सच्या वळणाच्या लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे.

पहिली सबब इंग्रजीची. एलएस, सीडी, सीपी, आरएम हे शब्द लंडनच्या पोरालाही पाठच करावे लागतात. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं. त्या काळचा टेलिटाइप सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं छापायचा, म्हणून आज्ञा तोकड्या ठेवल्या. मदतीची पानं इंग्रजीत आहेत, हे खरं. पण त्यात तेच ते मोजके शब्द फिरतात. आणि मराठीचंच म्हणाल तर पडद्यावर 'जय भीम' ज्या यूटीएफ-8 पद्धतीने साठवलं जातं, ती 1992 मध्ये याच थॉम्पसनने रॉब पाइकसोबत बनवली.

दुसरी सबब, 'हे चळवळीचं काम नाही'. बरं. माहिती अधिकारात शिष्यवृत्तीची यादी मिळाली, हजारो ओळींची. कोणत्या तालुक्यात किती अर्ज अडकलेत? आपण तीन रात्री बोट ठेवून मोजतो आणि तरी अधिकारी म्हणतो, आकडा चुकलाय. यादी साध्या मजकुराची फाइल असेल तर ग्रेपने 'प्रलंबित' असलेल्या ओळी निवडा, कटने तालुक्याचा रकाना काढा, सॉर्टने क्रम लावा, युनिक -सी ने मोजा. मध्ये प्रत्येक वेळी उभी रेघ, म्हणजे पाइप. एकीचं उत्तर पुढचीच्या हाती. सॉर्ट विसरलात तर आकडा चुकेल, कारण युनिक फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी एकत्र मोजतं. मात्र यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ग्रेपला एक शब्दही सापडणार नाही. आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागते. ही डोकेदुखी आहेच.

एलएस -एल द्या. प्रत्येक फाइलपुढे लिहिलेलं दिसेल: मालक, गट आणि इतर, यांपैकी कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं. गावात हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं.

ज्ञानाला कुलूप लावणं ही एकट्या मनूची मक्तेदारी नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकाने 1977 च्या सुमारास युनिक्सचा सगळा गाभा टीपांसह विद्यार्थ्यांसाठी मांडला. 1979 च्या सातव्या आवृत्तीसोबत कंपनीने तो कोड वर्गात शिकवण्यावरच बंदी आणली. विद्यार्थ्यांनी काय केलं? झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स. ते पुस्तक रीतसर छापून यायला 1996 उजाडलं, तोवर एक पिढी त्यावर शिकून मोठी झाली होती. आज ते कुलूपही नाही. लिनक्स फुकट आहे, कोड उघडा आहे, आणि आपण म्हणतो 'पुरे'!

लॅपटॉप नाही? एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या, फोनवरच सुरू करा. पहिल्या आठवड्यात पीडब्ल्यूडी, एलएस, सीडी, कॅट, एवढंच. अडलात तर मॅन लिहून पुढे आज्ञेचं नाव द्या. आरएम मात्र जपून. तिथे कचराकुंडी नसते, गेलेली फाइल परत येत नाही. म्हणून यादीची प्रत आधी सीपीने काढा आणि मगच ग्रेपला हात घाला.