केळ्याचं साल आणि माझा भाचा

केळ्याचं साल हातात घेऊन मी टोकियोत अडीच तास हिंडलो आहे. आसाकुसाच्या देवळात लोक हात जोडत होते. मला तेही जमेना, कारण जोडले असते तर दोहोंमध्ये साल आलं असतं. देवळात नारळ न्यावा तसं मी ते साल आत नेलं आणि प्रसादासारखं परत बाहेर आणलं. पुण्याच्या सवयीने एकदा झाडाच्या बुंध्याकडे नजर गेली होती, खोटं का बोलू? पण तो बुंधा इतका स्वच्छ होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

या शहरात रस्त्यावर कचऱ्याचा डबा म्हणून दिसत नाही. त्याला कारण आहे. 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी इथल्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. माणसं मेली, हजारोंना इजा झाली. त्या धास्तीने स्टेशनांतले आणि रस्त्यांवरचे डबे उचलले गेले, ते पुष्कळ ठिकाणी परत आलेच नाहीत. आता सरीन डब्यांत नव्हतं, गाड्यांत होतं. पण गाड्या काढून टाकता येत नाहीत, डबे येतात!

माझा भाचा तिथे निशिकासाईत राहतो. आपल्या लोकांची तिथे बरीच वस्ती आहे. घरी येऊन मी सालाची कहाणी सांगितली, तर हा पठ्ठ्या खूश!

"मामा, याच्यावरच तर मी अ‍ॅप करतोय. परदेशी माणसाने फोन उघडायचा, जवळचा डबा नकाशावर हजर!"

नकाशा देखणा होता, हिरव्या ठिपक्यांचा. फक्त मी एक आगाऊ प्रश्न विचारला : "हे डबे कुणाचे रे?"

निघाले दुकानदारांचे. चोवीस तास उघडी असणारी ती दुकानं असतात ना, बहुतेक ठिपके त्यांचे. काही ठिपके पेयांच्या यंत्रांशेजारचे, पण तिथे फक्त बाटल्या नि डबडी. सालाला प्रवेश नाही. आणि दुकानातला कचरा नगरपालिका फुकट नेत नाही, दुकानदाराला तो पदरचे पैसे मोजून न्यावा लागतो. म्हणजे गाव उंडारून आलेल्या पाहुण्याचं साल आमचे भाचेबुवा परस्पर कुणा तिऱ्हाइताच्या खर्चाने टाकणार, आणि वर त्याला समाजसेवा म्हणणार!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एका ठिपक्यावर गेलो. डबा दुकानाच्या आत, वर पाटी : बाहेरचा कचरा टाकू नये. काउंटरवरचा पोरगा इतका वाकून नमस्कार करत होता की फुकट टाकायचा धीर होईना. म्हणून गिऱ्हाईक झालो, भाताचा त्रिकोणी गोळा घेतला. त्यावरचं प्लास्टिक आकडे टाकलेल्या क्रमाने तीनदा ओढून सोडवायचं असतं. एक साल टाकायला गेलो आणि चार वस्तू टाकून आलो. डबा आधीच परदेशी कागदी पेल्यांनी कंठापर्यंत भरला होता.

"पण पाहुण्यांची सोय नको का?" भाचा म्हणाला. "2024 साली 3 कोटी 68 लाखांवर लोक आले, मामा!"

अरे, म्हणूनच तर! एवढ्या लोकांना पुरतील असे डबे फोनमध्ये कसे निघतील? ते रस्त्यावर लागतात, रोज रिकामे करायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो. हे सगळं टाळून नुसता ठिपका वाढवला की कुणाचं तरी काम सुटतं. नाराच्या उद्यानात 2019 साली मेलेल्या हरणांच्या पोटांतून प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या होत्या. त्या हरणांना काय नकाशा दाखवणार?

'जपानी माणूस कचरा घरी नेतो, तुम्हीही न्या,' असं सांगणारेही भेटले. कबूल. तेव्हापासून माझ्या खिशात पिशवी असते. पण त्याचं घर संध्याकाळी येतं. माझं विमानाने येतं. आणि रस्त्यातच खायची वस्तू कागदात गुंडाळून मला विकणाऱ्याने तो कागद परत घेतला, तर त्याचं काय बिघडतं? पैसे घेताना तर त्याने 'घरी घेऊन जा' म्हटलं नव्हतं.

2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. म्हणजे आपला माणूस त्या दारात जाऊ शकतो. मी भाच्याला म्हटलं, एवढी रात्ररात्र खपतोस, तर एक अर्ज लिही की त्यांना : अमुक चौकात, तमुक स्टेशनाबाहेर डबा हवा. तुझा नकाशाच जोड त्याला. कुठे डबा नाही हे त्यात झकास दिसतं! तो हसला. मामा जुन्या वळणाचा आहे, असं त्या हसण्याचं भाषांतर.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच दुकानात गेलो. पोरगा तसाच वाकला. डब्याच्या जागी मात्र छत्र्या विकायला ठेवल्या होत्या. घरी येऊन सांगितलं, तर भाच्याने मुकाट्याने फोन काढला आणि तो ठिपका पुसला. मग बराच वेळ तसाच बसून राहिला, आणि म्हणाला, "मामा, अर्जाला जपानीत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण तो लिहितात कसा, हे ऑफिसात कुणाला तरी विचारावं लागेल."