माणसाचे चित्र ही त्याची ठेव

आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. स्नेहसंमेलन असो की सहल, चित्रीकरण होतेच. परंतु एकाच माणसावर जवळून लघुपट करायचा झाल्यास कोणते पथ्य पाळावे? याविषयी अनुभवातून बनलेले माझे मत मांडतो.

माझे आजोळ मध्य प्रदेशातील पांढुर्णा, आजीचे माहेर जवळचे सौसर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि संत्र्यांच्या बागांचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मी घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलतो. आजी घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलते. सीमेवरच्या माणसांचे हे असेच!

पांढुर्ण्याचे नाव गाजते ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात दगडफेक होते. माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. साहजिकच त्या दिवशी सगळे कॅमेरे नदीकडे वळतात. आपल्या देशातील आरंभीच्या चित्रपटकारांपैकी सावेदादांनी १८९९ साली मुंबईत चित्रित केली तीही कुस्तीच. झुंज आणि गर्दी यांची कॅमेऱ्याला पहिल्यापासून ओढ आहे.

मीही नदीवरच निघालो होतो. पण आजी दार लोटून तुरीची डाळ निवडत बसली. माझ्या मामांचा एक डोळा तरुणपणी याच खेळात गेला. तरी ते दरवर्षी बघायला जातात आणि ते परत येईपर्यंत आजी बोलत नाही. मी थांबलो. तिच्यासारखाच जमिनीवर बसलो, कोपरे बरगड्यांशी टेकवून मोबाईल धरला. चित्र मोठे करण्याचे बटण वापरायचे नाही, जवळचे हवे असेल तर स्वतः जवळ सरकायचे, एवढाच नियम केला. उजेड खिडकीचा होता. दीड तास मी तिचे हात टिपत होतो. दारात मामांच्या चपला वाजल्या, तशी ती सुपावर वाकून रडली. तेही टिपले गेले.

रात्री मी तिला सगळे दाखवले. ती म्हणाली, "बापू, हे नोको दाखवू कोणाले. हे माह्यं दुखणं हाय, तमाशा नाही."

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडून पाहिला. पूर्वी १६ मिलिमीटर फिल्मचे १०० फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपत असे, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आज आपला खर्च शून्य झाला. समोरच्याचा खर्च मात्र तेवढाच राहिला! त्याने आपल्याला जवळ येऊ दिले, ही त्याने विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. आणि ठेव मागता क्षणी परत करायची असते. मी तो भाग काढून टाकला.

एक मित्र म्हणाला, "लघुपटाचा प्राणच गेला." मला तसे वाटत नाही. सत्यजित राय यांनी १९७२ साली आपले गुरू, अंध चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर 'द इनर आय' हा सुमारे २० मिनिटांचा लघुपट केला. त्यात दया मागितलेली नाही; दिसते ते एका माणसाचे काम. माझ्या चार मिनिटांतही आता आजीचे हात आहेत, सूप आहे आणि बंद दाराकडे वळणारी तिची नजर आहे. ज्याला समजायचे त्याला तेवढ्यावरून समजते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की लघुपट आधी त्याच माणसाला दाखवावा आणि त्याचा नकार मुकाट्याने मानावा. दिवाळीत मी पुन्हा गेलो, तेव्हा आजीनेच विचारले, "तुयी ती मशीन आनली का रे? चाल, सौसरले माहं माहेर दाखवतो तुले." ठेव परत केली, म्हणून हे खाते अजून चालू आहे.